तुम्ही उतरता कुठे?

दुकानात नवीन गिऱ्हाईक येतं, "गिअरचं काहीतरी करा" म्हणतं, आणि पाना हातात घेण्याआधी मी विचारतो, "तुम्ही उतरता कुठे?" पुष्कळांना वाटतं, मी पत्ता विचारतोय. "धनकवडीला," "बावधनला," अशी उत्तरं येतात. मग फोड करून सांगावी लागते. राहता कुठे ते नको. रोजच्या वाटेवर पाय खाली टेकून सायकल हातात धरून चालायची पाळी कुठे येते, ते सांगा. कुणी पटकन सांगतो, कुणी लाजतो. पण उत्तर मिळालं की निम्मं काम झालेलं असतं. पुढे किती दात्यांचं चक्र लावायचं, मागे किती दात्यांचं, पायडलचा दांडा म्हणजे क्रँक केवढा, हे सगळं त्या एका जागेपासून मोजत यायचं असतं.

हा प्रश्न माझा नाही, अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. त्यांचं दुकान पेठेत होतं. जेमतेम आठ बाय दहाची जागा, बाहेर पंप, पंक्चर शोधायचं पाण्याचं घमेलं आणि तासावर भाड्याने द्यायच्या बारा-चौदा सायकली. पुणं सायकलींचं शहर म्हणवून घेत होतं तो काळ. सकाळी खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे आणि पिंपरीच्या कंपन्यांकडे सायकलींची रांग लागायची. डबलसीट पकडलं म्हणून किंवा रात्री दिवा नाही म्हणून पोलीस हवा सोडायचे, आणि सोडलेली हवा भरायला लोक आमच्याकडे यायचे.

त्या सायकली बहुतेक एकाच साच्याच्या. काळा रंग, २८ इंची चाकं, पुढच्या चक्राला ४४ दाते, मागच्या फ्रीव्हीलला १८. काहींना पुढे ४८. मी दहावीत असताना अण्णांना विचारलं, की हे चव्वेचाळीस-अठराच का? त्यांनी तोंडी उत्तर दिलं नाही. सायकल सरळ उभी करायला लावली, डावं पायडल खाली, मागच्या टायरखाली फरशीवर खडूची रेघ. मग पायडलची बरोबर एक फेरी होईपर्यंत सायकल हळूहळू उलटी, मागे ढकलत दुकानातून रस्त्यावर नेली आणि तिथे दुसरी रेघ. "मोज." टेप लावली तर जवळजवळ अठरा फूट भरलं.

"एका फेऱ्यात अठरा फूट," अण्णा म्हणाले. "सपाटीला माणूस मिनिटाला साठ फेरे आरामात मारतो. तासाला किती झाले, तू काढ. शाळेत जातोस ना?" मी काढलं. ताशी वीस किलोमीटरच्या आसपास. घामाघूम न होता कामावर पोचायला तेवढा वेग पुरतो. चव्वेचाळीस-अठराचं गणित कुणा हुशार माणसाने सपाट रस्ता, एकटा माणूस आणि साधा डबा धरून बसवलेलं होतं.

पण दूधवाला एकटा नसायचा. त्याच्या मागे दोन्ही बाजूंना किटल्या लटकलेल्या असायच्या. अण्णा त्याला विचारायचे, "बाबा, उतरतोस कुठे?" तो पुलाचा चढ सांगायचा, पर्वतीच्या बाजूचा रस्ता सांगायचा, आणि अण्णा अठराचं फ्रीव्हील काढून बावीसचं चढवायचे. चव्वेचाळीसला बावीस म्हणजे बरोबर निम्मे. एका फेऱ्यात साडेचौदा फूट. सायकल हळू झाली, अशी तक्रार दूधवाल्याने कधी केली नाही. पूर्वी तो जिथे उतरून चालायचा, तिथे आता बसून जायचा, त्यामुळे घरी उलट लवकर पोचायचा.

मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, मागचं कशाला, पुढचंच चक्र लहान करू की. अण्णांनी पुन्हा गणितच घातलं. अठराचं वीस केलं, म्हणजे मागे दोनच दाते वाढवले, तर जेवढा फरक पडतो तेवढा पाडायला पुढचे चार दाते कमी करावे लागतात. शिवाय पुढचं काढायचं म्हणजे क्रँकला हात घालायचा, आणि त्या काळी क्रँकला हात घालणं म्हणजे क्रँक आसावर पक्का धरणाऱ्या कॉटर पिनशी झटापट. ती पिन एका बाजूने चपटी घासलेली असते. दोन्ही क्रँकच्या पिना उलटसुलट दिशांनी ठोकाव्या लागतात आणि दोन्ही सारख्याच घासलेल्या लागतात. नाहीतर दोन पायडलं एका रेषेत राहत नाहीत, एक पाय सतत अडखळल्यासारखा फिरतो. म्हणून मोठी दुरुस्ती ही शेवटची. अण्णांचा क्रम ठरलेला: आधी हवा, मग सीटची उंची, मग चेन, मग फ्रीव्हील, आणि सगळ्यांत शेवटी क्रँक. खिशाला स्वस्त ते आधी. आजही निम्म्या 'जड झालेल्या' सायकली पहिल्या दोन पायऱ्यांतच हलक्या होतात.

एवढे दाते कशाला, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. बत्तिसाला सोळा लावले तरी प्रमाण तेच येतं, मग चव्वेचाळीस-बावीस एवढं लोखंड का? उत्तर चेन बदलता बदलता सापडलं. चक्र मोठं असलं की चेनवर ताण कमी येतो आणि तो जास्त दात्यांवर वाटला जातो. लहान चक्रावर त्याच मोजक्या दात्यांना राबावं लागतं. पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धूळ खाणाऱ्या सायकलीला ही वाटणी मानवते. चेन तपासायला मी अजून साधी पोलादी पट्टीच वापरतो. दोन खिळ्यांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे चोवीस जोड बरोबर बारा इंचांत बसायला हवेत. एक अष्टमांश इंच जास्त भरले, की चेनबरोबर दातेही गेले असं समजायचं. रोज वापरायच्या सायकलीचा गिअर निवडताना हेही बघायचं असतं, कारण अकरा दात्यांचं चिमुकलं चक्र दिसायला वेगवान असलं तरी झिजायलाही वेगवानच.

मधल्या काळात पुणं बदललं, आणि ते नेमकं चढाच्या दिशेने बदललं. जुनं गाव बशीच्या तळात, नदीच्या अंगाला. पेठेत राहून पेठेत काम करणाऱ्याला गिअर लागतच नव्हता. मग वस्ती बशीच्या काठाकडे सरकली. स्वारगेटवरून कात्रजकडे निघालात तर रस्ता सपाट वाटतो, पण तो सबंध वाटभर गुपचूप चढत असतो. पौड रस्त्याचंही तेच. सकाळी माणूस ताजा असताना उतार आणि संध्याकाळी दमलेला असताना चढ. म्हणजे गिअरची खरी गरज पडायला लागली तेव्हाच लोकांनी सायकल सोडून स्कूटर धरली. त्यात चूक त्यांची नव्हती. एका गिअरची सायकल घेऊन रोज रात्री आठ वाजता धनकवडीला चढून जा म्हणून कुणाला सांगणार?

अण्णा गेल्यावर मी पेठेतली जागा सोडली आणि बिबवेवाडीत दुकान थाटलं. इथे चढांना तोटा नाही. गंगाधाम चौकातून आईमाता मंदिराकडे वर पाहिलं, तरी दम लागतो.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांना सायकली वाटल्या. एकवीस गिअरच्या. कागदावर बहुधा कुणीतरी 'गिअर: २१' एवढंच लिहिलं असावं. सहा महिन्यांत त्यातल्या डझनभर माझ्याकडे आल्या. सगळ्यांचं दुखणं एकच: पुढचा गिअर वाकलेला, चेन आतल्या बाजूला पडून सांगाड्यात अडकलेली. त्यांतली एक सायकल अप्पर इंदिरानगरच्या एका ताईंची होती. अप्पर हे नावच चढाचं आहे. मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"उतरते कुठे म्हणजे? वर निघाले की उतरतेच, भाऊ. पहिल्या वळणाला."

"आणि गिअर?"

"त्याला मी हातच लावत नाही. लावला की चेन पडते. मोठ्यावर आहे ती मोठ्यावरच ठेवते."

मी त्यांच्यासमोरच दाते मोजले. पुढे तीन चक्रं: ४२, ३४, २४. मागे सात: १४ पासून दोन-दोनने २४ पर्यंत आणि शेवटी २८. तीन साती एकवीस. पण भागाकार करत गेलं तर गंमत कळते. पुढे बेचाळीस आणि मागे अठ्ठावीस म्हणजे दीडपट. पुढे चोवीस आणि मागे सोळा म्हणजेही दीडपट. चौतिसाला अठरा आणि बेचाळिसाला बावीस यांत पायाला कळेल असा फरक नाही. अशा जोड्या काढून टाकल्या तर एकविसातले खरोखर वेगळे गिअर बाराच्या आसपास उरतात. बाकीचे नुसते पाहुणे. आणि त्या बारांपर्यंत पोचायला दोन हातांनी दोन खटके सांभाळायचे, मध्येच चेन तिरकी होऊ द्यायची नाही, चढ सुरू व्हायच्या आधीच बदलायचं, जोर लावत असताना नाही. हे कुणी ताईंना शिकवलंच नव्हतं. गिअर दिले होते, वापरायची रीत दिली नव्हती.

क्रँक बदलून एका चक्राचा लावावा, असं मनात आलं. स्वस्त क्रँकची तिन्ही चक्रं एकमेकांना रिव्हेट मारून जोडलेली असतात, सुटी निघत नाहीत. बदलायचा तर अख्खा संच. पैसे ताईंच्या खिशातून जाणार होते, संस्थेच्या नव्हे. मग अण्णांचा क्रम आठवला आणि उलट्या बाजूने विचार केला. चेन मधल्या चौतिसावर घेतली. पुढच्या गिअरचा खटका आणि तार काढून टाकली, पण त्याचा पिंजरा तिथेच, मधल्या चक्रावर पक्का बांधून ठेवला, म्हणजे चेन ना आत पडणार ना बाहेर. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, चौतीस दात्यांपर्यंत झेपणारा होता, म्हणून फ्रीव्हील बदलून शेवटचं मोठं चक्र ३४ चं असलेलं लावलं. चेन पुरेशी लांब आहे ना, तेवढं पाहिलं. आता पुढे चौतीस, मागे चौतीस: पायडलची एक फेरी, चाकाची एक फेरी, पावणेसात फूट. आणि सपाटीला चौतिसाला चौदा, सोळा फुटांच्या वर. सात गिअर, उजव्या हाताला एकच खटका.

"वर निघालात की मोठ्या आवाजाचा शेवटचा खटका मारायचा," मी सांगितलं, "पण वळणाच्या आधी, वळणावर नाही." सीटही दोन बोटं वर घेतली. ताई म्हणाल्या, "एवढंच? मग बाकीचे चौदा गेले कुठे?" मी म्हटलं, "ते तुम्हाला नकोच होते."

याच्या उलट एक साहेब. कोथरूडहून चांदणी चौक चढून हिंजवडीला जाणारे, सॉफ्टवेअरमधले. सायकल भारी, हलकी, बारीक टायरची. पुढे ५० आणि ३४, मागे ११ ते २८. त्यांना सगळं काढून 'वन-बाय' करायचं होतं, पुढे एकच ४२, मागे ११ ते ४२. त्यासाठी क्रँक, कॅसेट म्हणजे मागच्या चक्रांचा संच, डिरेलर, चेन सगळंच नवं घ्यावं लागणार होतं. यादी मोबाईलवर तयार होती. मी विचारलं, "उतरता कुठे?"

"मी? कुठेच नाही." थोडे दुखावलेच.

"बरं. दुखतं कुठे?"

ते जरा थांबले. "घरी गेल्यावर जिना चढताना गुडघा बोलतो."

"मग तुम्ही जिन्यावर उतरता."

हसले. मग कळलं, की चौतीसच्या चक्रावर ते कधी येतच नव्हते. लहान चक्रावर आलो म्हणजे हरलो, अशी भावना. पन्नासावरच रेटायचं, उभं राहून. मी त्यांना खडूचा प्रयोग करून दाखवला. पन्नासाला अकरा लावले की एका फेऱ्यात एकतीस फुटांच्या वर. नव्वद फेऱ्यांना ताशी पन्नास किलोमीटर ओलांडतात. पुण्याच्या गर्दीत हा गिअर लागणार कधी? आणि चौतिसाला अठ्ठावीस म्हणजे साडेआठ फुटांपेक्षाही थोडं कमी. हे त्यांच्याकडे आधीपासून होतं, न वापरलेलं. एक महिना चौकाच्या अलीकडेच लहान चक्रावर या आणि पाय भराभर फिरवा, एवढंच सांगून परत पाठवलं. महिन्याने आले, मागची कॅसेट ११ ते ३२ ची करून घेतली आणि गेले. क्रँक विकला गेला नाही. धंद्याच्या हिशेबाने मी मूर्खच.

जड गिअर म्हणजे मर्दपणा, ही समजूत जुनी आहे आणि फक्त आपली नाही. टूर द फ्रान्स १९०३ साली सुरू झाली, पण तिच्यात डिरेलर वापरायची परवानगी १९३७ साली मिळाली. तोपर्यंत मागच्या चाकाला दोन बाजूंनी वेगवेगळ्या दात्यांची चक्रं असायची आणि घाट आला की हे जगातले नामांकित सायकलपटू खाली उतरून, चाक काढून, उलटं फिरवून बसवायचे. म्हणजे तेही उतरत होतेच. हे मी त्या साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटलं, ते कॅसेटपेक्षा स्वस्तात पडलं.

क्रँक बदलायचाच नाही, असं मात्र माझं म्हणणं नाही. बुटक्या माणसाला १७० मिलिमीटरचा क्रँक लांब पडतो, गुडघा छातीकडे येतो. तिथे आखूड क्रँक हेच औषध. पण आखूड केला की रेटाही कमी होतो, म्हणून सोबत गिअर थोडा हलका द्यावा लागतो; दोन्ही एकदम ठरवायचं. घ्यायच्या आधी चक्र ज्या बोल्टवर बसतं त्यांचं वर्तुळ मोजायचं. ते १३० मिलिमीटरचं असेल तर ३८ दात्यांपेक्षा लहान चक्र त्यावर कधीच बसणार नाही. पुढे गुडघा दुखला तर पुन्हा अख्खा क्रँक. रोजच्या सायकलीला ज्याची चक्रं सुटी निघतात तो क्रँक बरा, मग थोडा महाग का असेना.

आणि बसवताना घाई नको. ॲल्युमिनियमचे चौकोनी भोकाचे क्रँक आमच्याकडे नवे होते तेव्हा एका कॉलेजच्या मुलाचा डावा क्रँक मी बसवला आणि दोन दिवसांनी पुन्हा आवळून घे, हे सांगायला विसरलो. आतला दांडा पोलादी, क्रँक मऊ. सैल झालेल्या क्रँकवर पोरगं चार दिवस फिरलं, चौकोनाचा गोल झाला आणि टिळक रस्त्यावर सिग्नलला क्रँक पायडलसकट त्याच्या बुटाखालून निसटला. नशीब, सायकल उभी होती. पदरमोड करून नवा घालून दिला. अण्णा तेव्हा होते. ते एवढंच म्हणाले, "कॉटर सैल झाली की प्रत्येक फेऱ्याला ओरडून सांगायची. हा गुपचूप मरतो." तेव्हापासून नवा क्रँक बसवला, की आठवड्याच्या आत परत आल्याशिवाय मी गिऱ्हाइकाचे पूर्ण पैसे घेत नाही. पैसे द्यायला तरी येतात.

माझी स्वतःची सायकल अजून एकाच गिअरची आहे. चव्वेचाळीसला आता वीस आहेत. पन्नाशीपर्यंत अठरा होते.

अप्परच्या त्या ताई दिवाळीनंतर चेनला तेल घालायला आल्या. फ्रीव्हीलचं चौतीसचं चक्र चांगलं घासून चकचकीत झालेलं होतं, म्हणजे वापरात होतं. मी जरा ऐटीतच विचारलं, "मग, आता उतरत नाही ना?"

"उतरते की. त्याच वळणाला."

माझा चेहरा पडला असावा. त्या हसायला लागल्या. "अहो, चढता येतं. पहिल्या आठवड्यातच चढले वरपर्यंत. पण माझ्याबरोबर कामाला असते ना, ती चालत जाते. तिच्याकडे सायकल नाही. वळणापर्यंत मी पुढे येते, तिथे थांबते, मग दोघी बोलत बोलत वर जातो. तेवढाच दिवसातला आमचा वेळ." आणि सायकल? "तिच्यावर दोघींच्या पिशव्या असतात."

मी चेनला तेल घातलं, जास्तीचं फडक्याने पुसलं आणि पैसे घेतले नाहीत. आता विचारणं थोडं बदललंय. तुम्ही उतरता कुठे, हे विचारतोच. आणि उत्तर आलं, की पाना उचलायच्या आधी आणखी एक विचारतो, "का?"